सिएना रिव्ह्यू: आधी पलाझो, मग दुओमो, आणि रात्रीचा मुक्काम पाहिजेच

सरळ मुद्द्यावर येते. सिएना म्हणजे इटलीच्या टस्कनी भागातलं जुनं शहर. फ्लॉरेन्सहून "हाफ डे सिएना" म्हणून जे पॅकेज विकतात ना, म्हणजे बस, गाइडबाई झेंडा वर धरून पुढे पळणार, चौकात फोटो, कॅथेड्रलमध्ये धावती चक्कर, एक जिलातो आणि परत बस, ते घेऊ नका. पैसे अगदीच बुडतात असं नाही म्हणणार, शहर इतकं देखणं आहे की दोन तासांतही माणूस खूश होऊन येतो, पण सिएनाला ज्यासाठी जायचं ते त्या दोन तासांत बसतच नाही. आणि आपल्याकडच्या मोठ्या ग्रुप टूर्सच्या आयटिनरीत तर सिएनाचं नावही बहुतेक वेळा नसतं, पिसाचा मनोरा धरून फोटो काढला की टस्कनी संपली.

मी नोकरीनिमित्त जर्मनीत असते, आई-बाबा आले होते, त्यांना घेऊन गेले. आईचे गुडघे आणि बाबांचं शाकाहारी असणं या दोन गोष्टी धरून हा रिव्ह्यू वाचा, कारण सिएना म्हणजे चढ आणि उतार, सपाट असं काही नाहीच, तीन टेकड्यांच्या पाठीवर गाव वसलंय.

आधी पोचायचं कसं. फ्लॉरेन्सच्या मुख्य स्टेशनाशेजारून बस सुटते, रॅपिड वाली बघून घ्या, सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि ती जुन्या गावाच्या तोंडाशी सोडते. ट्रेनही आहे, दीड तास धरा, पण सिएनाचं स्टेशन खाली दरीत आहे आणि तिथून वर यायला समोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांची एक लांबलचक रांग आहे, ती मजेशीर आहे पण सामान असेल तर बसच बरी. गाडी भाड्याने घेतली असेल तर जुन्या गावात नेऊच नका, आत फक्त परवानगी असलेल्या गाड्या चालतात, कॅमेरे लावलेत आणि दंडाची चिठ्ठी पुढे कितीतरी महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येते.

आता माझं मुख्य म्हणणं. सगळे लोक आधी दुओमो म्हणजे कॅथेड्रल बघतात, तिथेच दमतात, आणि मग चौकातल्या पलाझो पुब्लिकोला, म्हणजे जुन्या नगर-सरकारच्या वाड्याला, "हे आणखी एक म्युझियम, वेगळं तिकीट, जाऊ दे" म्हणून बाहेरूनच राम राम करतात. हे उलटं करा. सकाळी ताज्या डोक्याने पलाझो, दुपारनंतर दुओमो. का ते सांगते.

पियाझा देल काम्पो हा जो मुख्य चौक आहे तो चौकोनी नाही, शिंपल्याच्या आकाराचा आहे, आणि मुख्य म्हणजे उतरता आहे, सगळ्या बाजूंनी उतार खाली पलाझोच्या दाराकडे येतो. विटांची फरसबंदी, त्यावर पांढऱ्या दगडाच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांनी चौकाचे नऊ भाग पाडलेत. नऊच का, तर १२८७ पासून १३५५ पर्यंत इथे "नऊ जणांचं" सरकार होतं. व्यापारी, सावकार अशी नऊ माणसं, दोन-दोन महिन्यांची पाळी, आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी पलाझोतच राहायचं, बाहेर फिरायचं नाही, कोणाशी सेटिंग करायची नाही. दोन महिने झाले की घरी, पुढची बॅच आत. ऐकायला छान वाटतं, अर्थात ती नऊ माणसं ठरावीक घराण्यांतूनच फिरून फिरून यायची आणि सरदारांना लांब ठेवायची, त्यामुळे अगदीच भोळी लोकशाही समजू नका. पण याच लोकांनी १२९७ मध्ये नियम केला की चौकाकडे तोंड असलेल्या घरांना खिडक्या पलाझोसारख्याच, मधे बारीक खांब असलेल्या हव्यात आणि बाहेर लाकडी सज्जे काढायचे नाहीत. सातशे वर्षांपूर्वीचं डीसी रूल! म्हणूनच तो चौक आजही एका हाताने बांधल्यासारखा दिसतो, आणि आपल्या शहरांत एका गल्लीतल्या चार बिल्डिंगींचे रंगही जुळत नाहीत, असो.

चौकात बसायला पैसे लागत नाहीत. लोक विटांवरच फतकल मारून बसतात, आडवे होतात, कोणी काही म्हणत नाही. वरच्या बाजूला फोंते गाया नावाचं कारंजं आहे, याकोपो देल्ला क्वेर्चाने १४१९ मध्ये पुरं केलेलं, पण आत्ता दिसतं ते एकोणिसाव्या शतकातली कॉपी, मूळ झिजलेले दगड जवळच्या जुन्या हॉस्पिटलच्या तळघरात ठेवलेत. गंमत म्हणजे सिएनाला नदी नाही. हे पाणी येतं जमिनीखाली खणलेल्या बोगद्यांमधून, असे सुमारे २५ किलोमीटरचे बोगदे गावाखाली आहेत. बाबा इरिगेशनमधून रिटायर झालेत, त्यांचं लक्ष त्या कारंज्यावरून हटेचना, संगमरवरी देव्या राहिल्या बाजूला, यांना पाण्याचा दाब कुठून येतो ते हवं.

पलाझोत आत शिरलात की वरच्या मजल्यावर एकामागून एक दालनं लागतात. आधीची काही पटापट पार करा, नंतरच्या काळातली युद्धांची मोठमोठी चित्रं आहेत, चुकली तरी चालतील. थांबायचं ते दोन दालनांत. पहिलं, जिथे सिमोने मार्तिनीने १३१५ मध्ये रंगवलेली मायेस्ता आहे, भिंतभर मेरी, सिंहासनावर, वर छत्र धरलंय, भोवती संत. हे चर्च नाही, सरकारी सभागृह आहे, आणि चित्राखाली मेरीच्या तोंडी जो मजकूर आहे त्याचा अर्थ असा की जो दुबळ्यांना छळेल त्याच्यासाठी मी काही मागणार नाही. मंत्रालयाच्या भिंतीवर असं काही लिहून ठेवायची कल्पना करून बघा. समोरच्या भिंतीवर घोड्यावरचा सेनापती आहे, एकटाच, निळ्याशार रात्रीत, हा फोटो तुम्ही नक्की कुठेतरी पाहिलेला असणार. ते चित्र खरंच सिमोनेचं का, यावर तज्ज्ञांची भांडणं वर्षानुवर्षं चालू आहेत. त्याखाली भिंतीवर गोल गोल ओरखडे दिसतील, तिथे पूर्वी फिरणारा गोल नकाशा लावलेला होता, तो फिरून फिरून भिंत घासली.

आणि मग त्या नऊ जणांची खोली. इथे आंब्रोज्यो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये तीन भिंती रंगवल्यात, चांगलं सरकार आणि वाईट सरकार. हे एक दालन बघायला मी परत सिएनाला जाईन, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. एका भिंतीवर तत्त्वं माणसांच्या रूपात बसलीत, न्यायदेवतेच्या तराजूतून एक दोर निघतो, तो खाली "सलोखा" नावाच्या बाईच्या हातात येतो, आणि तिच्याकडून २४ नागरिक तो दोर हातात धरून ओळीने पुढे जातात. त्या बाईच्या मांडीवर काय आहे माहितीय? सुताराचा रंधा! उंचसखल घासून सपाट करायला. शांती मात्र निवांत, पांढऱ्या झुळझुळीत कपड्यात, कोपर टेकून लोळल्यासारखी बसलीय, आणि नीट बघितलं तर उशीखाली चिलखतं दाबून ठेवलीत.

शेजारची भिंत म्हणजे चांगल्या सरकारचा परिणाम, आधी शहर आणि मग गावकुसाबाहेरचं शेतशिवार. शहरात जोडे विकणारं दुकान आहे, मास्तर पोरांना शिकवतोय, गाढवांवर माल लादलाय, वर छतावर गवंडी काम करताहेत, नऊ जण हातात हात घालून नाचताहेत, ते मुली की मुलगे यावरही वाद आहे. वेशीबाहेर श्रीमंत लोक शिकारीला निघालेत आणि त्याच रस्त्याने शेतकरी डुक्कर हाकत बाजाराला येतोय, काळं डुक्कर, अंगाला पांढरा पट्टा. ती जात टस्कनीत आजही पाळतात आणि मेन्यूकार्डावर तिचं नाव ठळक अक्षरात असतं. वर हवेत "सुरक्षितता" नावाची देवता उडतेय, एका हातात कागद, दुसऱ्या हातात फाशीचा खांब, त्यावर माणूस लटकलेला. म्हणजे सगळं गोडगोड नाही, रस्ते सुरक्षित कशाने आहेत तेही चित्रकाराने झाकलेलं नाही. समोरच्या भिंतीवरचं वाईट सरकार बरंच पोपडे निघून गेलंय, शिंगंवाला जुलमी राजा मधोमध, न्याय पायाशी बांधून टाकलेला, घरं पडकी, शेतं जळकी.

आता आधी इथे या असं का म्हणते, तर हे बघून बाहेर पडलात की तीच गुलाबी-तपकिरी घरं, त्याच खिडक्या, तेच उंच मनोरे समोर दिसतात आणि शहर वाचता येऊ लागतं. पलाझोच्या मागच्या बाजूला वरती एक उघडा सज्जा आहे, चालू असेल तर नक्की जा, तिथून गावाची वेस संपून लगेच हिरवे डोंगर सुरू होतात ते दिसतं, चित्रातल्या भिंतीवर आहे अगदी तसंच. आईने तिथे बाकावर बैठक मारली ती उठायला तयार नाही.

मनोऱ्याचं बोलायचं तर तोर्रे देल मांज्या, ८८ मीटर उंच, सुमारे ४०० पायऱ्या, तिकीट वेगळं, एका वेळी थोडेच लोक सोडतात आणि पाऊस आला की बंद. नावाची गोष्ट मजेदार आहे, घंटा वाजवणारा पहिला माणूस मिळालेला सगळा पगार खाऊन-पिऊन उडवायचा म्हणून त्याला "कमाई खाऊ" असं टोपणनाव पडलं आणि तेच मनोऱ्याला चिकटलं. गुडघे धड असतील तर चढा, नसतील तर मनाला लावून घेऊ नका, दुओमोच्या बाजूने दुसरी उंच जागा आहे ती मला जास्त आवडली, खाली लिहितेच. मनोऱ्याच्या पायथ्याशी चौकात पुढे आलेला एक छोटा संगमरवरी मंडप आहे, लोक त्याला टेकून सँडविच खात असतात. तो प्लेग ओसरल्यावर नवस फेडायला १३५२ मध्ये बांधायला घेतला.

या प्लेगचं सांगितल्याशिवाय सिएना कळणार नाही. १३४८. गावातली निम्म्याच्या आसपास माणसं काही महिन्यांत गेली. आन्योलो दी तुरा नावाच्या तिथल्याच माणसाने लिहून ठेवलंय की त्याने स्वतःची पाच मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. चांगलं सरकार रंगवणारा लोरेंझेत्तीसुद्धा बहुधा त्याच साथीत गेला, त्याचा भाऊ पिएत्रोही. सात वर्षांत नऊ जणांचं सरकार कोसळलं, आणि पुढे १५५५ मध्ये शहर वेढा पडून शरण आलं आणि हळूहळू फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं. त्यानंतर नवीन मोठं काही बांधायला इथे तितका पैसाच उरला नाही, म्हणून जुनं पाडलं गेलं नाही. आज आपण "किती छान जपलंय" म्हणतो ना, त्यातलं अर्धं श्रेय त्या पडत्या काळाचं आहे. १९९५ मध्ये युनेस्कोने सगळं जुनं गावच यादीत घेतलं.

आता दुओमो. तिकीट दारात मिळत नाही, बाजूला ऑफिस आहे, तिथे किंवा ऑनलाइन. सुटं सुटं घेऊ नका, कॉम्बो पास घ्या, त्यात कॅथेड्रल, लायब्ररी, म्युझियम, वरची गच्ची, बाप्टिस्टरी, म्हणजे बाप्तिस्म्याची जागा, आणि तळघर सगळं येतं, आणि तो तीन दिवस चालतो, एका दमात सगळं उरकायची गरज नाही. किंमत मोसमाप्रमाणे बदलते, फरशी उघडी असेल तेव्हा जास्त. हो, फरशी! दुओमोची जमीन ५६ चित्रांची आहे, संगमरवर कोरून आणि रंगीत दगड जोडून केलेली, चौदाव्या शतकात सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकापर्यंत काम चालूच. पण वर्षातला बहुतेक काळ त्यातला मोठा भाग झाकलेला असतो, झिजू नये म्हणून. उन्हाळ्यात काही आठवडे आणि साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उघडतात, तारखा दरवर्षी जाहीर होतात त्या बघूनच ट्रिप ठरवा. आमच्या वेळी उघडी होती आणि खरं सांगते, लोक मान खाली घालून चालत होते, एकमेकांवर आपटत होते, वर एवढे खांब, घुमट, काळे-पांढरे पट्टे, कोणी बघेना. ते काळे-पांढरे पट्टे म्हणजे सिएनाच्या निशाणाचेच रंग. पहिल्यांदा आत शिरताना थोडं गरगरतं, बाबा म्हणाले "झेब्राच्या पोटात आलो काय आपण".

आत काय चुकवू नका तर निकोला पिसानोचा प्रवचनाचा मंच, १२६५ ते ६८ मधला, आठ बाजूंचा, सिंहांच्या पाठीवर खांब, आणि वरच्या पट्टीत इतकी माणसं कोरलीत की चेहरे मोजता येत नाहीत. डाव्या बाजूला पिकोलोमिनी वेदीवर तरुण मायकेलँजेलोने केलेले चार छोटे पुतळे आहेत, बहुतेक लोक न बघताच पुढे जातात कारण शेजारीच लायब्ररीचं दार आहे आणि तिथे रांग असते. रांगेला लागा, वर्थ आहे. पिकोलोमिनी लायब्ररी म्हणजे पोप झालेल्या मामाच्या पुस्तकांसाठी भाच्याने बांधलेली खोली. मामा पोप पायस दुसरा, भाचाही पुढे १५०३ मध्ये पोप झाला आणि महिन्याच्या आतच वारला. पिंतुरिक्योने इथे मामाच्या आयुष्यातले दहा प्रसंग रंगवलेत, आणि रंग असे की काल पेंटर शिडी उतरून गेला असावा, ऊन थेट पोचत नाही आणि मेणबत्त्यांचा धूर लागलेला नाही. पुस्तकं मात्र ज्यांच्यासाठी खोली बांधली ती नाहीतच, आता काचेत ठेवलेत ते चर्चमधल्या गायनाचे थोरले ग्रंथ, तेही कमी नाहीत, एकेका अक्षरात अख्खं चित्र.

एक तक्रार. फरशी उघडी असताना गर्दी फार होते, दोऱ्यांनी वाटा बांधलेल्या असतात, एका जागी उभं राहायला मिळत नाही, आणि मागून ऑडिओगाइड कानाला लावलेले लोक ढकलत राहतात. शक्यतो संध्याकाळी बंद व्हायच्या आधीचा वेळ घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत हे आपल्या मंडळींना सांगायला लागत नाही, पण शॉर्ट्स घालणाऱ्या पोरांना सांगून ठेवा.

आता ती उंच जागा. सिएनाच्या लोकांना १३३९ मध्ये वाटलं की आपलं कॅथेड्रल पुरत नाही, फ्लॉरेन्सवाले मोठं बांधताहेत, तर आपण असं बांधू की आत्ताचं अख्खं कॅथेड्रल नव्याची फक्त आडवी बाजू होईल. कामाला लागले, भिंती उभ्या केल्या, पुढची प्रचंड भिंतही बरीच वर गेली, आणि आला प्लेग. नंतर इंजिनियरांनी बघितलं तर खांबही वजन पेलणारे नव्हते, १३५७ मध्ये धोकादायक भाग पाडायला घेतले. ती अर्धवट भिंत आजही उभी आहे, फाच्यातोने म्हणतात, म्हणजे मोठ्ठी दर्शनी भिंत, आणि जिथे चर्चचा मधला भाग होणार होता तिथे आज उघडं मैदान आहे, कडेच्या कमानी बुजवून म्युझियम केलंय. म्युझियममधून अरुंद गोल जिन्याने त्या भिंतीच्या माथ्यावर जाता येतं, थोड्या थोड्या लोकांना सोडतात, थांबावं लागतं. वर गेल्यावर एका बाजूला पट्ट्यापट्ट्यांचा घुमट, दुसऱ्या बाजूला काम्पो चौक पूर्ण शिंपल्यासकट. खाली बघितलं की तो न झालेला आराखडा समजतो, एवढा हट्ट, एवढा पैसा, आणि शेजाऱ्याची एवढी जळजळ. मला झालेल्या कॅथेड्रलपेक्षा हे न झालेलं जास्त आवडलं.

म्युझियममध्ये दुच्चो या चित्रकाराची मायेस्ता आहे, अंधाऱ्या खोलीत. हे चित्र तयार झाल्यावर ९ जून १३११ ला गावातली दुकानं बंद ठेवून, घंटा वाजवत, मिरवणुकीने चित्रकाराच्या घरून दुओमोत आणलं होतं. पुढून मेरी, मागून ख्रिस्ताच्या आयुष्याचे बारीक बारीक प्रसंग. १७७१ मध्ये कोणीतरी शहाण्याने ते करवतीने कापायला लावलं आणि तुकडे पांगले, काही आज लंडनला, काही अमेरिकेत. जे उरलंय त्यासमोर बसायला बाक आहे आणि गर्दी अजिबात नव्हती. बाप्टिस्टरी दुओमोच्या मागे, खालच्या अंगाला, बऱ्याच पायऱ्या उतरून, तिथल्या कुंडावर दोनातेल्लो आणि गिबेर्ती या दोघा शिल्पकारांची कामं शेजारी शेजारी आहेत. तळघर १९९९ मध्ये सापडलं, मातीने बुजवून टाकल्यामुळे तेराव्या शतकातले रंग टिकलेत. दोन्ही पटकन होतात.

दुओमोच्या दारासमोर सांता मारिया देल्ला स्काला, जुनं हॉस्पिटल, आता म्युझियम. लोक दमून इथे येत नाहीत, पण डॉक्टर-नर्स मंडळी असाल तर हे आधी करा. यात्रेकरूंच्या मोठ्या वॉर्डात भिंतींवर १४४० च्या दशकातली चित्रं आहेत, वैद्य जखम बघतोय, दाया टाकून दिलेल्या तान्ह्या पोरांना दूध पाजताहेत, गरिबांना भाकरी वाटताहेत. आणि याच वॉर्डात विसाव्या शतकापर्यंत खरे पेशंट खाटांवर असायचे, त्या चित्रांखाली.

बाकी चर्चेस पटकन. सान दोमेनिको, विटांचं अवाढव्य, जवळजवळ रिकामं, आणि आत संत कॅथरीनचं शिर एका कपाटात ठेवलंय, होय खरंखुरं, धड रोमला. कच्च्या मनाच्या माणसांनी लांबूनच. प्रवेश फुकट, फोटो नाही. पियाझा सालिंबेनी हा छोटा चौक, तिन्ही बाजूंना वाडे, ही मोंते देई पास्की बँकेची कचेरी, १४७२ पासूनची, अजून चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी बँक म्हणतात, जिला २०१७ मध्ये इटलीच्या सरकारने पैसे ओतून वाचवलं. पलाझो पिकोलोमिनीत सरकारी दफ्तरखाना आहे, तिथे जुन्या खजिन्याच्या हिशोबवह्यांची लाकडी कव्हरं ठेवलीत, दर खेपेला चित्रकाराकडून रंगवून घेतलेली. टॅक्सच्या वहीला असलं मुखपृष्ठ! वेळ बघून जा, ठरावीक तासांनाच दाखवतात.

पालिओबद्दल सगळे विचारतात. २ जुलै आणि १६ ऑगस्ट, काम्पो चौकाच्या कडेने माती पसरून घोड्यांची शर्यत, खोगीर नाही, तीन फेऱ्या, दीड मिनिटाच्या आत संपते. गावाचे १७ भाग आहेत, त्यांना कोंत्रादा म्हणतात, प्रत्येकाचं चर्च, म्युझियम, झेंडा, कारंजं वेगळं, आणि शर्यतीत एका वेळी दहाच धावतात. पुण्यात पेठांची मंडळं आणि त्यांचे मानपान ज्याने पाहिलेत त्याला कोंत्रादा समजावून सांगायला नको, फक्त इथे मंडळातच जन्माला यायचं असतं आणि शेजारच्या मंडळाशी वैर काही शतकांचं. शर्यतीआधी घोड्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. स्वार पडला तरी घोडा पहिला आला तर जिंकला, आणि खरा हरलेला तो जो दुसरा आला. चौकाच्या मधे उभं राहायला फुकट आहे पण एकदा आत गेलात की कित्येक तास बाहेर नाही, ऊन, संडासची सोय नाही, त्यामुळे आई-वडिलांना घेऊन अजिबात जाऊ नका. घोडे जखमी होतात, मरतातही, त्यावरून आंदोलनं होतात, मला स्वतःला ती शर्यत बघायची इच्छा नाही. पण इतर दिवशी गल्ल्यांमधून फिरताना भिंतीवरच्या खुणा बघत फिरा, गोगलगाय, सुरवंट, हंस, आणि तोर्रे कोंत्रादाचा तर चक्क पाठीवर मनोरा घेतलेला हत्ती आहे.

खाण्याचं. पिची नावाचा हाताने वळलेला जाड नूडलसारखा पास्ता मिळतो, तो चीज-मिरीतला किंवा टोमॅटो आणि मोठ्या लसणाच्या सॉसमधला घ्या, शाकाहारी आहे आणि पोटभर होतो. ब्रेडमध्ये मीठ नसतं, टस्कनीत सगळीकडेच, लोणचं जवळ ठेवा. काम्पोवर टेबल मांडून बसलेल्या एका रेस्टॉरंटमध्ये आम्हाला भाज्यांचं सूप "व्हेजिटेरियन" म्हणून दिलं आणि खोदून विचारल्यावर कळलं की रस्सा मांसाचा, वर टेबलाचे वेगळे पैसे लावले ते लावलेच. दोन गल्ल्या मागे गेलात की निम्म्यात आणि नीट विचारून करून देतात. कॉफी काउंटरला उभं राहून प्या, बसलात की भाव वाढतो. पानफोर्ते हा सुकामेवा आणि मसाल्यांचा चिवट केक घरी न्यायला चांगला, टिकतो.

आणि रात्रीचा मुक्काम यासाठी की संध्याकाळी साडेसहा-सातला टूरच्या बसेस गेल्या की गाव एकदम गावकऱ्यांचं होतं. म्हाताऱ्या बायका बांकी दी सोप्रा रस्त्यावर नटूनथटून फेऱ्या मारतात, विद्यार्थी काम्पोत पिझ्झाचे डबे उघडून बसतात, पोरं उतारावरून पळत सुटतात आणि खाली पलाझोच्या भिंतीला हात लावून परत वर. त्या नऊ जणांनी चौक कशासाठी बांधून घेतला असेल ते तेव्हा कळतं, दुपारी नाही. हॉटेल जुन्या गावाच्या आतलं घ्या, पण बुक करताना लिफ्ट आहे का ते विचाराच, जुन्या वाड्यांत बऱ्याचदा नसते, आणि उन्हाळ्यात एसीही विचारा.

परतताना फ्लॉरेन्सला अर्धा दिवस हातात असेल तर आपल्या लोकांसाठी एक जागा, जी कुठल्याच टूरवाल्याला माहीत नसते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० ला वारले, जेमतेम विशीतले, आणि आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे १८७४ मध्ये छत्री उभारली, आत रंगीत अर्धपुतळा आहे, आराखडा मेजर मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. शेजारच्या पुलाचं नावच "भारतीयाचा पूल". कास्चीने नावाच्या पार्काच्या अगदी पश्चिम टोकाला आहे ती, आणि कास्चीनेचा ट्रामस्टॉप पार्काच्या अलीकडच्या अंगाला, मधलं अंतर दोन किलोमीटरच्या वर जातं, रस्ता झाडीतला आणि सपाट आहे, पण सिएना चालून आलेल्या पायांना सायकल भाड्याने घेतलेली बरी.